पट्टीवरची बाई

१ नोव्हेंबर, बुधवार

ही वही चॅनेलचे मालक साम्साली आकेंनी दिली, आमच्याकडे मोठ्या माणसाला आके म्हणतात. म्हणाले, "रोज एक पान लिहायचं. तुझं शुद्धलेखन वाचून गावातली म्हातारी माणसं दगावतील." मी म्हटलं, आके, म्हातारे दगावले तर आपलाच धंदा, श्रद्धांजलीचे पैसे शब्दागणिक मिळतात. त्यांनी वही डोक्यात घातली आणि मग हातात दिली.

तर नोकरी लागली. मी, एर्निस, वय एकोणीस, नववी कशीबशी पास, आता आमच्या ताश-चुकुर गावच्या केबल चॅनेलचा माणूस. चॅनेल म्हणजे बंद पडलेल्या खाणीच्या कँटीनमागच्या दोन खोल्या, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, एक कोळशाची शेगडी. दिवसभर जुने पिक्चर आणि लोकांच्या लग्नांच्या कॅसेटी. पण बघतात सगळे खालची पट्टी. कोण मेलं, जेवण कधी, कोळशाचा ट्रक कुठे आला, कुणाची गाय हरवली. ती पट्टी मी लिहितो.

काल एकाची मेंढी हरवल्याची जाहिरात होती. मी शेवटी घातलं, "हाक मारल्यास कुबात या नावाला ओ देते." कुबात माझा दोस्त. आज बाजारात त्याला बघून पोरं बें बें करत होती. एक म्हातारा तर खरंच त्याला विचारत होता, तुझ्या नावाची मेंढी कुठे आहे म्हणून. मी आणि माझा कीबोर्ड. मजा आहे.

सकाळी आठच्या आधी सोनुन आपा येऊन फरशी पुसतात, शेगडी पेटवतात. खालच्या बराकीत एकट्या राहतात, दुसऱ्या खोऱ्यातून आल्यात, गावात त्यांना कोणी फारसं ओळखत नाही. त्यांना म्हटलं, आपा, माझी पट्टी बघता ना? म्हणाल्या, "बाळा, माझ्या डोळ्यांत पडदा आलाय. टीव्ही म्हणजे मला नुसतं सांडलेलं दूध."

२ नोव्हेंबर, गुरुवार

कुबातचा सण म्हणजे गुरुवार. घरोघरी आपापल्या मेलेल्यांच्या नावानं तेल तापतं, रोट्या तळतात, वास वर गेला की त्यांचं पोट भरतं म्हणतात. आणि उरलेलं सगळं कुबातच्या पोटात. बाया झाकलेल्या ताटल्या घेऊन शेजारी वाटायला निघाल्या की हा बरोबर त्या त्या फाटकात उभा. चेहरा असा पाडतो की मेलेला याचाच काका होता. तोंड पुसायच्या आधी दोन ओळी कुराण म्हणतो, नाही असं नाही.

मेंढीवरून तो सकाळी मला मारायला आला होता. म्हटलं थांब.

साडेपाचला पट्टीवर सोडलं: "सूचना. गुरुवारी संध्याकाळी एक अनोळखी बाई झाकलेली ताटली घेऊन दारोदार रोटी देत फिरते. ती रोटी खाऊ नये. खाल्ल्यास काय होतं ते शेजारच्या गावात विचारावं."

शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं. काय होतं ते लिहायचंच नाही.

सहा वेळा फिरवलं आणि काढून टाकलं. सातला कुबात आला. चेहरा कणकेसारखा. खिशात एक अर्धी रोटी. "एर्निस, मी चार खाल्ल्या रे. एक बाई मला ओळखीची वाटली नाही." मी विचारलं, "पोटात गार लागतंय का?" म्हणाला, "हो, तुला कसं कळलं?"

हसू दाबताना मला उचकी लागली.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरा फोन. "ती बाई कशी दिसते?" "खाल्ली असेल तर उतारा काय?" एकीनं विचारलं, आपल्याच जावेनं दिलेली चालेल का, जाव तशी अनोळखीच आहे.

आके रागावतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "सूचना दिली कोणी?" मी म्हटलं, फोन आला होता. ते दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "लोक काल पिक्चर संपल्यावरही टीव्हीसमोर बसून होते. पुन्हा लाव."

"खोटी असली तर?"

"सावध राहा म्हटल्यानं कोणाचं काय जातं?"

मला पटलं. खरंच काय जातं?

७ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारात ऐकलं, ती अनवाणी असते. पिठाच्या दुकानात ऐकलं, तिची ताटली कधी रिकामी होत नाही. आईच्या फोनवर बायकांच्या गटात एकीचा आवाज आला, रडवेला, की शेजारच्या गावात विचारलं, तर तिकडे खरंच एक बाळ गेलं. बाळ कधी गेलं, कशानं गेलं, कोणी विचारत नाही. कुठल्याही गावात विचारा, कोणीतरी गेलेलं असतंच की. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा एवढा विचार केला नव्हता. माझं डोकं माझ्यापेक्षा हुशार आहे.

अनवाणीपणा चांगला आहे. मला सुचायला हवा होता.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आपा शेगडीपाशी बसून राहिल्या, राख काढायचं सोडून. म्हणाल्या, "मिर्लान स्वप्नात आला." मिर्लान त्यांचा मुलगा. गेल्या वर्षी रशियात बांधकामावरून पडून गेला. "दारात उभा होता. मी म्हटलं, आत ये. तर आत येईना. म्हणाला, आई, मला भूक लागलीय."

असल्या वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही.

"मुल्लाला विचारलं," आपा म्हणाल्या. "सात रोट्या तळायच्या, सात घरी द्यायच्या. सात घरच्यांनी चाखून त्याचं नाव घेतलं की त्याला पोचतं. चोवीसला त्याचं वर्ष आहे. वर्षाच्या आत करायचं. नाहीतर तो असाच दारात उभा राहायचा."

म्हटलं, होईल की आपा, सात घरं म्हणजे काय मोठंसं.

संध्याकाळी आईनं आजोबांच्या नावानं रोट्या तळल्या. पाच घरी ताटली घेऊन गेली आणि भरलेली ताटली घेऊन परत आली. शेजारीण फाटकातूनच म्हणाली, आमचं पोट बिघडलंय. वीस वर्षांपासूनची शेजारीण. आई ताटलीवरचं फडकं नुसतं सरळ करत बसली. मग तीच शेजारीण तिची ताटली घेऊन आली, तर आईनं आतूनच सांगितलं, आमचं जेवण झालं.

गल्लीत तेलाचा वास कमी होता. गुरुवार गुरुवारसारखा वाटला नाही. कुबात घरीच बसलाय म्हणे, बटाटे खातोय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

आपांनी शालीखालून एक रोटी काढून माझ्या हातात दिली. "काल संध्याकाळी निघाले, बराकीत नाही, मधल्या गल्लीत नाही, कोणी दार उघडलं नाही. कामावरून दमून येतात बिचारे, झोपले असतील. तू चाख, हेही एक घरच." आणि कोळसा आणायला बाहेर गेल्या.

आता इथे खरं लिहायला हरकत नाही, आके ही वही वाचत नाहीत, नुसती पानं मोजतात. मला ती रोटी खाववेना. सगळं मीच रचलं, कुठला शब्द कधी लिहिला तेही माहीत, तरी तोंडापर्यंत नेलेला हात मागे आला. फडक्याखालून निघाली म्हणून असेल. मी शेगडीचं झाकण उघडलं आणि ती आत टाकली. तेल होतं, भडकली.

आपा आल्या. "चाखलीस?"

"चाखली."

"त्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"एक घर झालं," त्या म्हणाल्या, आणि बोटाच्या पेरावर अंगठा ठेवला.

१३ नोव्हेंबर, सोमवार

लोखंडी दारं करणाऱ्या एकानं जाहिरात दिली. "संध्याकाळी निर्धास्त बसा." साम्साली आकेंनी नवा कार्यक्रम काढलाय, लोकांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगायचं काय पाहिलं. कॅमेरा मी धरतो.

आज मधल्या गल्लीतली एक आजी होती. ही बाई खोटं बोलणाऱ्यातली नाही, शाळेत आम्हाला गणित शिकवायची, मला अंगठे धरून उभं करायची. म्हणाली, "मी फटीतून बघितलं. फाटकाशी उभी होती. काही बोलली नाही. मान अशी वाकडी करून दारावर हात फिरवत होती, कडी शोधत असल्यासारखी. आणि डोळे पांढरे. दुधासारखे."

कॅमेरा हलला. आके खेकसले, "नीट धर, गाढवा."

पांढरे डोळे मी लिहिले नव्हते. अनवाणी मी लिहिलं नव्हतं, पण ते कोणीतरी जोडलं असेल. ही आजी जोडणाऱ्यातली नाही. हिनं काहीतरी पाहिलंय.

आज घरी येताना मी तीनदा मागे वळून बघितलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार



सहाच्या सुमारास आमचं दार वाजलं. तीनदा, हळू. नखानं वाजवावं तसं. आईनं टीव्हीचा आवाज बंद केला. मी 'कोण' म्हणणार तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी एकोणीस वर्षांचा घोडा, आणि आई माझं तोंड दाबून बसलीय, आणि मी तिला दाबू देतोय.

दाराखालून गरम तेलाचा वास आला. गावात आज एकाही घरी तेल तापलं नव्हतं, मी येताना वास घेत आलो होतो.

पुन्हा तीनदा. मग बर्फात पावलं. थांबत थांबत, चाचपत गेल्यासारखी.

आई म्हणाली, "बघितलंस? आणि तू म्हणतोस काही नसतं." मी असं कधी म्हणालोच नव्हतो. म्हणायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रोटी होती. आईनं ती कोळशाच्या चिमट्यानं उचलली.

माझ्या आईच्या हातून एकदा तुकडा पडला तर ती उचलून कपाळाला लावते, उंचावर ठेवते. लहानपणी मी रोटीवर पाय दिला म्हणून तिनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. तिनं रोटी चिमट्यानं धरली, लांब धरून परसात नेली आणि राखेत पुरली. मग चिमटा पण तिथेच फेकला.

त्या बाईपेक्षा मला ते बघून जास्त भीती वाटली.

धावत स्टुडिओत गेलो. म्हटलं, "आके, मी बनवली ती बाई. कुबातची मस्करी करायला. कोणाचा फोन आला नव्हता."

ते चहा पीत होते. "तू? तुला आपल्या आडनावाचं स्पेलिंग येत नाही."

"खरं सांगतो आके."

"बरं, बनवलीस. मग काल तुमच्या दारावर कोण आलं होतं?"

तुम्हाला कसं कळलं म्हटलं. म्हणाले, तुझ्या आईनं गटात सांगितलं, दोनशे लोकांनी ऐकलं.



दुपारी ते जेवायला गेले तेव्हा मी पट्टीवर सोडलं: "रोटीवाली बाई नाही. ती एर्निसनं मस्करीत लिहिली. घाबरू नका, दारं उघडा. एर्निस." अर्धा तास फिरवलं. शुद्धलेखन तपासून.

१८ नोव्हेंबर, शनिवार

कुबात आला, हळू आवाजात म्हणाला, "कोणी धमकावलं तुला?"

"कोणी नाही. मी बनवली होती रे. तुझ्यासाठी."

"समजलं, समजलं. बोलू नकोस." खांद्यावर हात ठेवून गेला. त्याच्या आयुष्यात त्यानं माझ्या खांद्यावर असा हात ठेवला नव्हता.

दुकानात बायका म्हणत होत्या, आता टीव्हीवर 'नाही' म्हणायला लागले, म्हणजे प्रकरण मोठं आहे. आणि 'दारं उघडा' म्हणतात, ऐकलंत का, दारं उघडा. तिलाच हवंय ते. एकीनं माझ्याकडे बघितलं आणि पोराला जवळ ओढलं.

आके रागावले नाहीत. पट्टीवरून मात्र काढलं, त्यांचा पुतण्या लिहिणार आता. मी फक्त कॅमेरा. ते म्हणाले, "या गुरुवारी पोरं पहारा देणार आहेत, काठ्या घेऊन. आपण थेट दाखवायचं. या चॅनेलवर आजवर काही थेट झालेलं नाही."

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आपा फरशी पुसता पुसता सहज बोलत होत्या. "एकच घर झालं रे. बराक झाली, मधली गल्ली झाली. गेल्या गुरुवारी पार वर आले होते, तुमच्या बाजूला. एक पिवळं फाटक आहे, तिथे दिवा होता, टीव्ही चालू होता. मी वाजवलं आणि टीव्ही गप्प झाला. कोण राहतं तिथे?"

पिवळं फाटक आमचं.

त्यांनी मान वर केली. मान वाकडी करून बघायची त्यांना सवय आहे, बाजूनं थोडं दिसतं म्हणून. डोळ्यांवर खिडकीचा उजेड पडला होता. दुधासारखे.

मी रोज सकाळी या बाईच्या हातचा चहा पितो. वीस दिवस. आणि मला कळलं नाही. मला वाटायचं माझ्यासारखा चलाख पोरगा अख्ख्या जिल्ह्यात नाही.

"रोटी पायरीवर ठेवून आले," त्या म्हणाल्या. "उचलली असेल ना त्यांनी?"

"उचलली," मी म्हटलं.

"मग दोन घरं धरू का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आपांना म्हटलं, उद्या जाऊ नका, पोरं काठ्या घेऊन फिरणार आहेत, कोणा चोराला शोधतायत. म्हणाल्या, "मी कुठे चोर आहे?" म्हटलं, अंधार असतो, पाय घसरेल. म्हणाल्या, "मला दिवसा पण अंधारच." म्हटलं, पुढच्या गुरुवारी जा. त्यांनी पोछा पिळला आणि म्हणाल्या, "परवा वर्ष भरतं. तो उपाशी आहे बाळा. तू तुझ्या आईला असं सांगशील का, पुढच्या गुरुवारी जेवायला घाल?"

खरं सांगायचं होतं. ओठांवर होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला आधी त्या शेगडीतल्या रोटीचं विचारलं असतं.

ठरवलं, उद्या आकेंना आजारी आहे सांगायचं आणि आपांबरोबर जायचं. मला सगळं गाव ओळखतं. शिव्या देतील, पण दार उघडतील.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळ आहे. मी आपांच्या खोलीत आहे. काल जे झालं ते झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच त्यात काहीतरी जोडेन.

पाचला बराकीत पोचलो. आपांनी रोट्या तळून ठेवल्या होत्या, सात. मला बघून हसल्या. निळ्या काठाची ताटली, त्यावर फडकं. त्यांचा एक हात माझ्या दंडावर. बर्फ कडक झालेला, करकरत होता.

पहिलं दार मेंढीवाल्याचं. मी ओरडलो, "आके, मी एर्निस, चॅनेलवाला. दार उघडा, बरोबर सोनुन आपा आहेत, मुलाची रोटी आणलीय." आतून खुर्ची सरकल्याचा आवाज. दाराला काहीतरी जड लावलं. दुसऱ्या घरी दिवा विझला. तिसऱ्या घरी नवं लोखंडी दार, त्यावर हात आपटला तर नुसता घुमला. चौथ्या घरी एक पोरगं आतून रडायला लागलं, तर मीच आपांना म्हटलं, चला पुढे.

"माणसं नाहीत का रे या गावात?" आपा म्हणाल्या.

पाचव्या घराचा पडदा अर्धा उघडा होता. मी काचेला नाक लावलं. आत नवरा, बायको, म्हातारी, सगळे टीव्हीसमोर, पाठ आमच्याकडे. टीव्हीवर एक गल्ली. बर्फ. एक बाई आणि एक पोरगा, पाठमोरे, एका खिडकीशी वाकून आत बघतायत.

ती टोपी माझी होती.

मी टीव्हीत मला बघत होतो, आणि टीव्हीतला मी खिडकीतून आत बघत होतो. खाली पट्टी फिरत होती, पुतण्याचं शुद्धलेखन चांगलं आहे. "ती आता एका मुलाला बरोबर घेऊन फिरते. मुलगा तुमच्या ओळखीच्या कोणासारखा दिसेल. ओळखीच्या आवाजाला ओ देऊ नये."

घरातली माणसं टीव्ही बघत होती. खिडकीतून बघितलं असतं तर चार हातांवर आम्ही होतो. कोणी मान वळवली नाही.

मी मागे वळलो. कोपऱ्यावर एक छोटा दिवा. साम्साली आके, हातात फोन उंच धरलेला. त्यांच्यामागे सात-आठ पोरं.

"आके, मी आहे. एर्निस. या आपा, तुमची शेगडी पेटवतात त्या. नीट बघा ना."

आके फोनमध्ये बघत होते. आमच्याकडे नाही, फोनमध्ये. हळूच म्हणाले, "बोलतंय."

मग पहिला दगड आला. कुबातनं मारला. मला त्याचा हात माहीत आहे, आम्ही लहानपणी एकत्र बाटल्या फोडल्यात. तो ताटलीला लागला. दुसरा आपांच्या भुवईला. त्या ओरडल्या नाहीत, खाली बसल्या आणि बर्फात हात फिरवायला लागल्या. रोट्या शोधत होत्या. एकेक सापडली की फुंकर मारायच्या, कपाळाला लावायच्या, छातीशी धरायच्या.

मी पोरांच्या अंगावर धावून गेलो. नुसता धावलो, हातात काही नव्हतं. आणि ते सगळे पळाले. काठ्या टाकून. कुबात पळताना रडत होता. मी जन्मात कोणाला असं घाबरवलं नव्हतं, आणि मी काही केलंही नव्हतं.

आमचं घर दोन फाटकं पुढे. आपांना धरून नेलं. दार वाजवलं.

"कोण?" आईचा आवाज.

"मी."

आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"आई, मी एर्निस. आपांना लागलंय, रक्त येतंय. उघड."

"माझा एर्निस स्टुडिओत आहे," आई म्हणाली. आवाज कसा तरी होता, मला समजावत असल्यासारखा.

"अगं मी आजारी सांगून सुट्टी घेतली. खिडकीत ये, बघ मला."

ती आली. काचेच्या पलीकडे तिचा चेहरा, अलीकडे माझा, मध्ये एक वीत. तिनं मला नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. माझ्या मागे आपा, भुवईतून रक्त, छातीशी रोट्या, पांढरे डोळे. आईच्या ओठांवर कुराणाच्या ओळी चालू होत्या. मग तिनं पडदा ओढला.

मी आणखी वाजवलं नाही. वाजवलं असतं तर तिला जास्त भीती वाटली असती.

बराकीत परत आलो. जखम धुतली, फडक्याची पट्टी बांधली. आपांनी रोट्या मांडल्या, सहा सापडल्या होत्या. शेगडीपाशी बसून मी सगळं सांगितलं. कुबातची मस्करी, पट्टी, शेजारचं गाव, सगळं. मला वाटलं चिमट्यानं मारतील. मारायला हवं होतं.

त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे त्या दिवशी तू रोटी चाखलीस, ते खरं?"

"नाही आपा. शेगडीत टाकली."

"आणि पिवळं फाटक?"

"राखेत पुरली."

त्यांनी अंगठा पेरावरून काढला. दोन घरं गेली. हात मांडीवर नुसता पडून राहिला. म्हणाल्या, "एकही नाही मग."

मी समोरची रोटी उचलली. गार, तेल थिजलेलं, वर बर्फाचं पाणी. मिर्लानचं नाव घेतलं, मोठ्यानं, आणि खाल्ली. सबंध. मी म्हटलं, "आपा, मी आजपासून वेगळं घर. मला आता दुसरं नाही. धरा एक."

आपांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मग अंगठा पुन्हा पेरावर ठेवला.

तेव्हा दार वाजलं.

तीनदा, हळू.

आपा उठायला लागल्या. मी त्यांची बाही धरली. का धरली ते मला माहीत नाही. या बराकीत गेले तीन आठवडे आपांशिवाय कोणी कोणाचं दार वाजवलेलं नाही. पोरं असती तर लाथ मारली असती. "आपा, उघडू नका."

"दारात माणूस आलंय."

"माणूस नसेल तर?"

"मग तर आणखीच भुकेलं असेल," त्या म्हणाल्या, आणि बाही सोडवून घेतली.

मी डोळे मिटले. मी, ज्यानं हे सगळं लिहिलं, त्यानं डोळे गच्च मिटले आणि गुडघ्यांत डोकं घातलं. कडी निघाल्याचा आवाज आला. गार वारा पायांवरून गेला. मग असा आवाज आला आपांचा, जो मी कधी ऐकला नव्हता, अगदी तरुण बाईसारखा. "ये. उभा का? आत ये, रोटी चाख."

कोणीतरी आत आलं. माझ्या शेजारून गेलं, कपड्यांना बर्फाचा वास होता. शेगडीच्या पलीकडे बसलं. आपांनी काही वाढलं. मग चावण्याचा आवाज, सावकाश, बराच वेळ. मी डोळे उघडले नाहीत. तसाच केव्हातरी झोपलो.

सकाळी उठलो तर आपा शेगडी पेटवत होत्या. ताटलीत रोट्या नव्हत्या, एकही नाही. कोण आलं होतं, विचारलं. म्हणाल्या, "मला कुठे दिसतं बाळा." पण चेहरा धुतल्यासारखा होता, आणि अंगठा पेरावर नव्हता, मोजणी पुरी झाल्यासारखा.

आई असेल का? पडदा ओढल्यावर तिला राहवलं नसेल, मागोमाग आली असेल. आली असती तर मला उठवलं नसतं का तिनं? कुबात असेल, रोटीचा वास त्याला सहन होत नाही. बाहेर रात्री नवा बर्फ पडलेला नाही, म्हणजे दारापर्यंत पावलं असतील. कोणाची ते कळेल. बुटांची की नाहीत, तेही कळेल.

अजून बघायला गेलो नाही. आपांनी चहा ठेवलाय. दाराची कडी त्यांनी काढूनच ठेवली आहे.